तलावाचे भिंतीवरचे अक्षर पुसल्याची बखर

श्री. प्रथम नमन भिंतीस, जी सर्वांचे ऐकते आणि कोणाचे सांगत नाही. दुसरे नमन शाईस, जी सर्वांचे सांगते आणि खरे ऐकत नाही. तिसरे नमन हुजुरांचे चरणी, कारण ते न केल्यास चौथे करावयास मान राहत नाही. ऐसी तीन नमने करून लेखनास आरंभ केला. राज्यशक एक्कावन्न, प्लव संवत्सर, भाद्रपद वद्य पंचमी, मंदवासरे, ते दिवशी दिवाणांकडून आज्ञा जाहली की, तलावाचे काठी जी सप्तरक्षकांची भिंत, तिची बखर लिहून दप्तरी ठेवावी, भाषा प्रौढ असावी, पराक्रम असावा, आणि दोनशे वर्षांनी वाचणारास आपले पूर्वज थोर होते ऐसे वाटावे. आज्ञा शिरसावंद्य. परंतु लेखकाचे वय जाहले, डोळ्यांत मोतीबिंदू उतरला, दात गेले, आणि भीतीही दातांबरोबर एक एक करून पडत गेली. शिवाय दप्तरखान्याची रीत आम्हांस ठाऊक. जे लिहावे ते तांबड्या रुमालात बांधावे, रुमालास गाठ मारावी, आणि ती गाठ सोडणारा पुढे कोणी जन्मत नाही. सबब घडले तैसे लिहितो. भाषा प्रौढ ठेवितो. पराक्रम सापडला तर तोही घालितो.

राज्य थोर. नाव लिहिण्याची गरज नाही, ऐसी राज्ये बहुत असतात, आणि प्रत्येक ठिकाणच्या प्रजेस वाटते की हे आपलेच. राज्यशक सेहेचाळीस, दुर्मुख संवत्सर, ते साली हुजुरांचे मनात आले की शहराचे पश्चिमेस तलाव आहे, तलावास काठ आहे, परंतु काठास शोभा नाही. मग हुकूम जाहला की काठास भिंत घालावी, वीस हात उंच, हजार हात लांब, निखळ काँक्रीटची, आणि दसऱ्यास हुजुरांची स्वारी तिचे कडेने हत्तीवर बसून जावी. दगडाची का नको, ऐसे कोणी विचारिले, तेव्हा दिवाण विसाजीपंत बोलिले की, "दगडास घडवावे लागते, त्यास वेळ लागतो, आणि कधी कधी दगड ऐकत नाही. काँक्रीट ज्या साच्यात ओतावे तैसे होते. राज्यात सर्वच वस्तू ऐशा असाव्या." हुजूर संतोष पावले. मग बेलदार, वडार, पाथरवट, जे पिढ्यानपिढ्या दगडावर जगले, त्यांचे हातची छिन्नी सुटून घमेली आली, आणि भिंत उभी राहो लागली. दसरा दोन दिवसांवर आला आणि शेवटची चौकट, म्हणजे दोन सांध्यांमधला भिंतीचा तुकडा, तेवढी राहिली. ओला माल ज्या फळ्यांचे साच्यात ओततात त्यास सेंट्रिंग म्हणतात, आणि त्या सेंट्रिंगास टेके हलके लाविले होते, कारण जड टेके दिवाणांचे मेहुण्यांचे माडीचे कामास गेले होते. सात असामी साच्यात उतरून सळया बांधीत होते, आणि वरून हुकूम सुटला की वाट पाहू नका, ओता, आणि वरच्यांनी ओतिले, आणि टेके सरकले, आणि फळी कलली, आणि सगळा माल एकदम खाली गेला. ओरडा जाहला तो थोडका. तोंडात माल गेल्यावर ओरडता येत नाही. दोर सोडिले ते रिकामे वर आले. म्हाळू बेलदार नामे वृद्ध कारागीर तेथे होता, त्याचा एकुलता पुत्र सटवा त्या सातांत, आणि तो म्हाळू पहार घेऊन धावला की साचा फोडा, माल ओला आहे तोवर फोडा. शिपायांनी त्यास धरिले. विसाजीपंतांनी क्षणभर विचार केला, क्षणभरच, आणि बोलिले, "साचा फोडिला तर मुहूर्त टळेल. मुहूर्त टळला तर मर्जी जाईल. माणसे तर गेलीच. पुढे ओता." आणि पुढे ओतिले. दसऱ्यास स्वारी गेली, सोने लुटिले, हुजुरांनी पुसिले की कामात कोणास इजा तर नाही ना, आणि दिवाण बोलिले की महाराजांचे पुण्याईने नखासही धक्का नाही. मग हजेरीचे वहीत सात असामी उणे दिसतात त्यांपुढे काय लिहावे, ऐसे मी दिवाणांस विचारिले. ते म्हणाले, "फरारी लिही." मी लिहिले. लेखणी माझी, शाई सरकारची, अक्षर वळणदार.

आता फरारी असामीविषयी राज्याची रीत ऐसी की, तो जिवंत समजावा, आणि दर आठवे दिवशी शिपायाने त्याचे घरी जाऊन चौकशी करावी. सटव्याची बायको चांगुणा, वय वर्षे एकवीस, सासऱ्याजवळ भिंतीचे पायथ्याशी झोपडीत राहे. शिपाई येई, उंबऱ्यावर काठी आपटी आणि विचारी, "सटवा आला का?" पहिले वर्षी ती रडून सांगे, दुसरे वर्षी शिव्या देई, तिसरे वर्षी नुसती बघे. दहावे-तेरावे करू दिले नाही. भटजी म्हणाले की दप्तरात जो जिवंत त्यास पिंड कैसा द्यावा, पाप कोणाचे माथी? गळ्यातले मणी काढावे तर शिपाई म्हणे, नवरा मेला हे तुला कैसे कळले, म्हणजे ठावठिकाणा तुला ठाऊक आहे. सबब मणीही गळ्यातच राहिले. एकदा ती कचेरीत येऊन माझे समोर उभी राहिली आणि म्हणाली, "आप्पा, त्या वहीत निस्तं मेला म्हून लिवा. दुसरं कायबी नगं. मला रडायचंय, आन् तुमी लोक रडू बी देत न्हाई." मी म्हणालो, रीतसर अर्ज द्यावा. हे मी म्हणालो, दुसरे कोणी नाही, आणि ते येथे लिहून ठेवितो.

राज्यशक एकुणपन्नास, विकारी संवत्सर, चैत्र मास. भिंतीने दोन पावसाळे खाल्ले होते, चुन्याचे भट्ट्यांचा धूर बसून आणि शेवाळ वाळून ती तव्यासारखी काळी पडली होती. पाडव्याचे दिवशी चौकीवाले श्रीखंड खाऊन भर दुपारी लवंडले असता चांगुणेने दिवाबत्तीवाल्यांची शिडी खांद्यावर घेतली, रस्त्याचे कामावर डांबराचे पिंप तापत होते त्यात केरसुणी बुडविली, आणि शेवटचे चौकटीवर पुरुषभर उंचीचे अक्षर काढिले. तिचा बाप देवळांच्या पायऱ्यांवर भक्तांची नावे खोदणारा पाथरवट होता, त्यामुळे तिला अक्षर येई आणि मोठे येई. लिहिले ते इतकेच: येथे सात माणसे आहेत. भिंत आणि पाणी यांमधले रस्त्याने लोक जात-येत होते, परंतु कोणी हटकले नाही. शिडी घेतलेली बेलदारीण कोणास दिसत नसते, काम राहिले तर तेवढे दिसते. संध्याकाळी हुजूर नौकेत बसून भिंतीजवळून गेले आणि त्यांची दृष्टी पडली. पुसिले, "कोणती सात माणसे?" दिवाण बोलिले, "शत्रूचे कारस्थान आहे, महाराज." मग चौकशी बसली. शहरात ज्यास ज्यास लिहिता येते त्या प्रत्येक पुरुषाकडून 'सात' हा शब्द लिहवून घेतला. मजकडून पाचदा घेतला, कारण माझे अक्षर चांगले. बायकांस कोणी विचारिले नाही, कारण बायकांस लिहिता येत नाही ऐसी दप्तरी नोंद आहे.

लिहिणारा सापडेना, तेव्हा निदान लिहिलेले जावे ऐसे ठरले, आणि ते काम सफाईखात्याचे दारोगा हैबतराव यांजकडे आले. हैबतराव शूर. त्यांनी अक्षरांवर चुना मारविला, आणि आठ दिवसांत डांबर चुन्यातून वर आले, धोतरावर वरणाचा डाग यावा तैसे पिवळे-तपकिरी. पुन्हा चुना मारविला, पुन्हा डाग आला. मग तारेचे ब्रश देऊन चाळीस माणसे लाविली, त्यांनी तीन दिवस घासिले, आणि डांबर निघण्याऐवजी आत मुरले. तेव्हा कोणी सांगितले की म्हाळू बेलदारास हे काम येते, त्याने देवळाचे खांबांवरचे शंभर वर्षांचे तेल आणि काजळी काढिली होती. म्हाळूस दरबारात आणिले. तो उभा राहिला, मुजरा केला, बसा म्हटले तरी बसला नाही, आणि जसे वैद्याने रोग्याचे सांगावे तैसे भिंतीचे सांगू लागला. "काँक्रीट दिसतं घट्ट, महाराज, पर आतनं चाळण हाय. डांबर पोटात गेलंय. घासाल तितकं आत जाईल. शाडू रॉकेलात कालवून त्याचा लेप द्याचा, वर मेणकापड लावायचं, दोन दिस ऱ्हाऊ द्याचं. लेप डांबर वढून घेतो. मग धुवायचं. पर निस्तं अक्षर धुवायचं न्हाई. समदी चौकट धुवायची, ह्या सांध्यापासनं त्या सांध्यापातूर. न्हाई तर अक्षर जाईल आन् अक्षराची जागा ऱ्हाईल." हुजुरांस हे ऐकून कंटाळा आला, आणि त्यांनी पुसिले, "मोबदला काय घेशील?" म्हाळू म्हणाला, "मोबदला नगं. हजेरीच्या वहीत सात जणांम्होरं मयत लिवा. भिंत कोरी करून देतो." दिवाण हुजुरांचे कानाशी लागले, आणि हुजुरांनी हात हलविला आणि बोलिले, "दिले." ऐसा शब्द दिला. मी समक्ष हजर होतो.

दुसरे दिवशी म्हाळूचा अंगठा घेण्यास मी त्याचे झोपडीत गेलो, तेव्हा सासरा-सुनेचे भांडण चालले होते, आणि मी दारात उभा असताही कोणी थांबले नाही. चांगुणा म्हणत होती, "त्यांनी एकदा पुरलं मामंजी, आता तुमी पुरनार?" म्हाळू म्हणाला, "भिंतीवरलं आज ना उद्या पाऊस पुसंल, पोरी. वहीतलं न्हाई पुसत कुनी." ती म्हणाली, "वही वाचतंय कोन? भिंत समदी वाचत्यात." तो म्हणाला, "वही तो शिपाई वाचतो. तुझ्या उंबऱ्यावर काठी आपटनारा." यावर ती म्हणाली, "मग आदी त्यांस्नी लिवू द्या, मागनं पुसा." तो म्हणाला, "राजानं शब्द दिलाय." आणि चांगुणा हसली. तीन वर्षांत ती त्या दिवशी हसली, आणि ते हसणे ऐकून मला अंगठ्याची डबी उघडवेना. परंतु उघडली.

आता हुकूमनाम्याचे सांगतो, कारण राज्याची अक्कल त्यातच आहे. रीत ऐसी की भिंत तटखात्याची, आणि भिंतीवर जे बाहेरून येऊन बसते, धूळ म्हणा, शेण म्हणा, अक्षर म्हणा, ते सफाईखात्याचे. एका खात्याने दुसऱ्याचे वस्तूस बोट लावू नये, लाविल्यास चौकशी. सगळी चौकट धुवावी तर तटखात्याने आधी भिंतीची तपासणी करावयास हवी, ठोकून पाहावयास हवी, आणि ती चौकट कोणी ठोकून पाहावी हे विसाजीपंतांस नको होते. सबब हुकूम निघाला, आणि तो मीच सुवाच्य लिहिला: "अक्षर तेवढे काढावे. अक्षराबाहेर सरकारी भिंत बोटभरही ओली होऊ नये." म्हाळूस वाचून दाखविला. तो म्हणाला, "वाळल्यावर दिसंल, सायेब." हैबतराव म्हणाले, "तू काढणार आहेस की शिकवणार आहेस?" त्याने दुसऱ्यांदा सांगितले, तेव्हा हैबतराव मिशीवरून हात फिरवू लागले. तिसऱ्यांदा सांगितले, तेव्हा शिपायाकडे पाहू लागले. मग म्हाळू मजकडे वळला आणि हळू म्हणाला, "आप्पा, म्हाळूनं सांगितलं हुतं, येवढं तरी कागदावर लिवा." कागदास खाली चार बोटे जागा होती. मी लिहिले नाही. पुढे लोक म्हणाले की म्हाताऱ्याने मुद्दाम केले, आणि अजूनही म्हणतात, कारण प्रजेस शूर माणसे आवडतात. म्हाळूने मुद्दाम काही केले नाही. त्यास भिंत खरोखर कोरी करावयाची होती, त्यासाठी त्याने आपले काळीज दगडाचे केले होते, आणि ती कोरी होऊ दिली नाही ती आम्ही.

मग काम सुरू जाहले. हुकमाप्रमाणे त्याने प्रत्येक अक्षराचे कडेने मेणकापडाच्या पट्ट्या चिकटविल्या, आत लेप दिला, दोन दोन दिवस ठेविला, सोडविला, पुन्हा दिला, आणि मग घोड्याच्या केसांचे ब्रशाने कडेच्या आतच घासून धुतले. एकेका अक्षरास तो हात लावी तेव्हा आधी कपाळ लावी, ऐसे परांचीखालचे शिपाई सांगत. अकरावे दिवशी सकाळी शेवटचे अक्षर धुऊन जाहले आणि हुजुरांची स्वारी पाहणीस आली. आता ओल्या काँक्रीटाचा गुण ऐसा की ते काळे दिसते. भोवतालची भिंत धुराने काळी, धुतलेले अक्षर पाण्याने काळे, आणि दोहोंत फरक म्हणून नाही. हुजूर पाहात राहिले आणि बोलिले, "कोरी!" सर्व दरबार बोलिला, "कोरी!" हैबतरावांस शेला दिला, दिवाणांस दोन शेले दिले. म्हाळू हात जोडून म्हणाला, "वाळू द्या, महाराज." ते कोणी ऐकिले नाही. मग त्याने वहीचे विचारिले, आणि विसाजीपंत हसून म्हणाले, "मयत लिहावयास मुहूर्त पाहावा लागतो, बाबा. उद्या." स्वारी भोजनास परतली, आणि सूर्य वर आला.

पहिल्याने 'सात' वाळले, कारण ऊन तेथे आधी पोचले. मग 'माणसे' वाळले, मग बाकीचे. धूर आणि शेवाळ निघून आतले काँक्रीट जन्मले तेव्हाचे रंगाचे बाहेर आले, काळ्या तव्यावर ज्वारीची भाकरी पडावी तैसे एकेक अक्षर पांढरे पडत गेले, आणि म्हाळूचा हात सच्चा म्हणून कड कोठे फाटली नाही, रेघ कोठे चुकली नाही. पूर्वी काळ्यावर काळे होते ते जवळ गेल्यावाचून वाचवत नव्हते. आता पल्याड काठावर परटीण धुणे आपटीत होती, तिने आपले लेकीस म्हटले, "बघ गं काय लिवलंय," आणि लेकीने मोठ्याने वाचिले, आणि तिचे ऐकून दुसरीने, आणि दुपारपर्यंत तलावाचा सगळा काठ तेच एक वाक्य म्हणत होता. हुजुरांनी हात धुण्यापूर्वी खिडकीतून पाहिले. ताट तैसेच राहिले.

म्हाळूस कोठडीत घातले. भिंत कोरी करून दिली नाही, सबब मयत लिहिणे नाही, ऐसा निवाडा जाहला. मग पराक्रम सुरू जाहले, तेही लिहितो. अक्षरांवर शेणकाला सारविला, तो पहिल्या वळवात वाहून गेला. ताकात काजळी कालवून लाविली, तिचा वास सुटला आणि कुत्री जमली. रंग द्यावा म्हटले तर रंगखाते म्हणाले की आमचा रंग सफाईखात्याचे जागेवर बसणार नाही. अखेर हैबतराव कोठडीचे गजाशी गेले आणि नरम आवाजात पुसिले, "आता सगळी चौकट धुतली तर?" म्हाळू म्हणाला, "आता धुतलेलं दोनदा धुतलं जाईल. फरक हाय तेवढाच ऱ्हाईल, सायेब." हैबतराव चिडले आणि वाळूचा मारा करणारे यंत्र आणविले, जे हवेच्या जोराने वाळू मारून भिंतीची कातडी सोलते, आणि मारा केला तोही अक्षरांवरच, कारण जुना हुकूम कोणी रद्द केला नव्हता. चार दिवसांत अक्षरे दोन बोटे खोल गेली, खडी उघडी पडली, मग सळया उघड्या पडल्या, पावसाळा आला आणि सळयांस गंज चढला, आणि प्रत्येक अक्षराखाली तांबडे ओघळ आले. लोक येऊन त्या ओघळांपाशी हळदकुंकू वाहू लागले. जे डांबराचे लेखन एका पावसाळ्यात फिके पडले असते, ते राज्याने आपले यंत्र लावून, आपले हुकमाने, दगडी लेखासारखे कोरून दिले.

तेव्हा विसाजीपंतांची बुद्धी उजळली. हैबतरावांचा शेला परत घेतला, दारोगा नवा नेमिला, आणि दवंडी पिटविली की, येथे सात माणसे आहेत हे लेखन सरकारचेच आहे, हुजुरांवरील प्रेमास्तव सात वीर आपखुशीने भिंतीत राहून राज्याचे रक्षण करितात, यांस सप्तरक्षक म्हणावे, आणि दर नवरात्रात अष्टमीस उत्सव करावा. शाहिरांनी कवने केली. म्हाळूस कोठडीतून काढून नेमणूक दिली की, दर साल लेप देऊन अक्षरे स्वच्छ ठेवीत जावी, शेवाळ बसू देऊ नये. मी दिवाणांस विचारिले, मग वहीत मयत लिहावे काय? ते बोलिले, "रक्षक मरत नसतात." मग फरारी हे खोडावे काय? ते बोलिले, "फरारी सात वेगळे, रक्षक सात वेगळे. दप्तर मिसळू नकोस." आणि शिपाई आठवे दिवशी जात राहिला. सकाळी रक्षकांस नारळ फोडी, आणि दुपारी त्यांतल्याच एकाचे उंबऱ्यावर काठी आपटी.

राज्यशक पन्नास, शार्वरी संवत्सर, अष्टमी. उत्सवात सात सवाष्णींनी भिंतीची ओटी भरावी ऐसे ठरले, आणि सवाष्णी जवळच्या वस्तीतल्या असाव्या. यादी मी केली. वहीवरून केली. वहीत चांगुणेचा नवरा जिवंत, सबब तिचे नाव यादीत आले. वगळता आले असते. एवढेही केले नाही, कारण यादी वहीवरून करावी ऐसी रीत. सरकारातून खण आला, हिरव्या काचेचा चुडा आला, आणि चांगुणा तो भरून आली. वाजंत्री वाजत होती, हुजूर पालखीत होते, म्हाळू बादली आणि ब्रश घेऊन अक्षरांपाशी उभा होता. विसाजीपंत म्हणाले, "बाई, ओटी भर, आणि रक्षकांपाशी काही मागून घे." तिने ओटी खाली ठेविली. म्हणाली, "माझ्या दारात तुमचा मानूस इचारतो, सटवा आला का. त्याला यायला येत न्हाई, म्हून मी आले. ह्यो बगा हितं हाय. आता तुमी सोता इचारा त्याला." विसाजीपंत मागे सरले. आणि तिने दोन्ही हात वर उचलिले आणि अक्षराचे खळग्यात, उघड्या खडीवर आपटिले, आणि चुडा फुटला, आणि काच खडीत रुतली, आणि ती खाली बसली आणि रडली. चार वर्षांचे रडणे होते. ते सगळे काठावर ऐकू गेले, आणि म्हाळूने ब्रश टाकून तिचे डोक्यावर हात ठेविला आणि तोही रडला. वाजंत्री थांबली नाही, कारण थांबविण्याचा हुकूम नव्हता.

दिवाणांनी मला लिहावयास सांगितले की, एका स्त्रीने सरकारी भिंतीस इजा केली. मी लिहिले. नव्या दारोगांनी म्हाळूस सांगितले की, काच ही बाहेरून येऊन बसलेली वस्तू आहे, सबब ती काढावी. आणि ज्या म्हाताऱ्याने पोटच्या पोराचे नावाची खूण सरकारचे हुकमाने अकरा दिवस घासिली, तो पहिल्याने नाही म्हणाला. म्हणाला, "ह्याला लेप न्हाई, सायेब." तेव्हापासून तो पुन्हा कोठडीत आहे. काच तेथेच आहे, आणि संध्याकाळचे ऊन पडले की हिरवी दिसते. शिपाई आठवे दिवशी जातोच. विचारितो, "सटवा आला का?" ती म्हणते, "मेला." तो लिहितो, "नाही आला."

मागले महिन्यात दप्तरखान्यात कोणी नसता मी ती वही काढिली आणि चाकूचे टोकाने सटव्यापुढचा 'फरारी' शब्द हळूच खरवडला. मग कागद उजेडाकडे धरिला. खरवडल्याने तेवढाच भाग पातळ जाहला होता, आणि उजेडात तो शब्द पूर्वीपेक्षा स्पष्ट वाचिता येत होता. म्हाळूने मला आधीच सांगितले होते, परंतु तेव्हाही मी ऐकिले नव्हते. शिवाय खाडाखोड केलेली वही राज्यात ग्राह्य नाही. सबब त्या वहीत आता काही होणे नाही. ही बखर मात्र नवी, कागद कोरा, आणि आज्ञा खुद्द दिवाणांची.

तरी सारांश ऐसा. राज्याने भिंत बांधिली, भिंतीत माणसे पुरली, माणसे आहेत ऐसे एका बाईने लिहिले, ते पुसता पुसता राज्याने कायमचे कोरिले, आणि कोरिलेले वाचूनही मान्य केले नाही. यात पराक्रम शोधिला, तो एका बाईचा आणि एका म्हाताऱ्याचा सापडला, दरबारात सापडला नाही. ज्या हाताने फरारी लिहिले त्याच हाताने लिहितो, ते खोटे होते. सटवा म्हाळू बेलदार, मयत. भिवा तुका वडार, मयत. लखू आणि दगडू, सख्खे भाऊ, मयत. येमाजी पाथरवट, गात असे, मयत. होनाप्पा, दक्षिणेकडला, मयत. सातवा त्याच सकाळी कामास आला होता, नाव विचारावयाचे राहून गेले, सगळे त्यास नवा म्हणत, मयत. त्याचे घर कोठे हे दप्तरास ठाऊक नाही, म्हणून तेथे शिपाई जात नाही, आणि तेथे कोणी वाट पाहत असेल त्यास अजून कोणी सांगितलेले नाही.